दोषवही केव्हा हवी?

शाळेत तक्रारपेटी ठेवली, पण ती कोणी उघडतच नाही. असे झाले तर काय होईल? मुक्तस्रोत आज्ञावलींपुढेही हाच प्रश्न असतो. त्यांचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्याने चूक, म्हणजे 'बग', कोणीही कळवू शकतो. प्रत्येक बगला क्रमांक देऊन त्याची स्थिती नोंदवणारी दोषवही मग प्रत्येक प्रकल्पाला हवीच का?

दोन उदाहरणे पाहू. डोनाल्ड क्नूथ यांची 'टेक' ही अक्षरजुळणीची आज्ञावली १९७८ सालची. तिच्यात नवी भर घालणे त्यांनी १९९० मध्ये थांबवले. चुकांची यादी ते स्वतःच ठेवतात. स्वयंसेवक तक्रारी आधी चाळतात आणि क्नूथ त्या काही वर्षांनी एकदम तपासतात. २०१४ नंतर थेट २०२१ मध्ये. बदल थोडे आणि निर्णय घेणारा एकच, म्हणून एवढे पुरते.

मोझिलाचे उलटे. १९९८ मध्ये या ब्राउझरचा मूळ मजकूर खुला झाला आणि त्याच वर्षी 'बगझिला' ही दोषवहीही सर्वांना उपलब्ध झाली. काम करणारे अनेक असले की एकच चूक दहा जण कळवतात. ती कोण दुरुस्त करतो आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

म्हणून आपण तीन प्रश्न विचारावेत. त्याच तक्रारी पुन्हापुन्हा येतात का? काम अनेकांत वाटले आहे का? नोंदी नियमित वाचणारा कोणी आहे का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर वही उघडूच नये. उत्तर न मिळालेला माणूस पुढची चूक कळवत नाही.