दिवा लागला, दोष कोणाचा?



वर्गात एखादा मुलगा उभा राहतो आणि म्हणतो, "सर, माझे पेन चोरीला गेले." अशा वेळी शिक्षक काय करतात? शेजारच्या मुलाला लगेच शिक्षा करतात का? नाही. ते आधी विचारतात, "दप्तर नीट पाहिलेस का? बाकाखाली पाहिलेस का?" पुष्कळदा पेन दप्तरातच सापडते. पेन दिसत नव्हते हे खरे, पण चोर कोणीच नव्हता.

'तक्रार' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मात्र उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, किंवा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलणे. मराठीत 'तक्रार' म्हणजे उर्दूतील 'शिकायत'. मोटारगाडीसुद्धा अशी तक्रार करते. आज आपण तिच्या एका तक्रारीची चौकशी कशी करतात, ते पाहू.

पेट्रोल पंपाजवळून जाताना तुम्हांला पेट्रोलचा वास येतो. हा वास म्हणजे हवेत मिसळलेली पेट्रोलची वाफ होय. गाडी उभी असली, तरी उन्हाने तिच्या टाकीत अशी वाफ तयार होत राहते. पूर्वी ही वाफ सरळ बाहेर जात असे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात त्या काळी दाट, डोळे झोंबवणारे धुके पसरत असे. १९५० नंतरच्या काही वर्षांत एरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने त्याचे कारण दाखवून दिले. पेट्रोलची वाफ आणि गाड्यांच्या धुरातील वायू यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो आणि तो श्वसनाला घातक असतो.

म्हणून कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या गाड्यांपासून आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ च्या गाड्यांपासून ही वाफ अडवण्याची व्यवस्था सक्तीची झाली. टाकीतील वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. कोळसा ती धरून ठेवतो. इंजिन चालू झाले की ती वाफ इंजिनात ओढली जाते आणि जळते. आपल्याकडील पेट्रोलच्या गाड्यांतही असा कोळशाचा डबा असतो.

पण नळीला बारीक भोक पडले तर? ते डोळ्यांना दिसणार नाही. १९९६ पासून अमेरिकेतील नव्या गाड्यांना आपल्या दोषांची नोंद स्वतः ठेवणारा संगणक असणे सक्तीचे झाले. वाफ गळते का, हेही हा संगणक तपासतो. तो वाफेच्या वाटा बंद करतो, टाकीतील दाब किंचित बदलतो आणि तो टिकतो का, हे पाहतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून ती टिकते का, हे आपण पाहतो, तसेच हे आहे. मराठीतील 'दाब' म्हणजेच तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील 'दबाव'.

हा दाब मोजण्यासाठी टाकीवर किंवा तिच्याजवळ एक लहान सेन्सर बसवलेला असतो. त्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला टाकीतील वाफ आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. दाबात फरक पडला की पडदा वाकतो आणि सेन्सरमधून निघणारा व्होल्टेज बदलतो.

सेन्सरला तीन तारा जोडलेल्या असतात. पहिल्या तारेने संगणक त्याला ५ व्होल्ट पुरवतो. दुसरी तार अर्थिंगची असते. तिसरी तार निरोपाची. तिच्यावरून सेन्सरचा व्होल्टेज संगणकाकडे जातो. सेन्सर, तीन तारा, त्यांना जोडणारा कनेक्टर आणि संगणक या सर्वांचा मिळून एक विद्युत परिपथ होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सारी चौकशी तिच्यावरच अवलंबून आहे.

या परिपथात बिघाड झाला की चालकासमोर इंजिनाचा पिवळसर दिवा लागतो. गाडी मात्र पूर्वीसारखीच धावते. मेकॅनिक आपले तपासणी यंत्र जोडतो, तेव्हा त्यावर एक क्रमांक दिसतो. 'पी ०४५२' म्हणजे निरोपाचा व्होल्टेज फार कमी आहे. 'पी ०४५३' म्हणजे तो फार जास्त आहे. 'पी ०४५४' म्हणजे निरोप मधूनच तुटतो आहे.

येथेच अनेक जण चुकतात. क्रमांक सेन्सरच्या नावाचा आहे, म्हणून सेन्सरच बिघडला, असे ते ठरवतात. जुना काढून नवा बसवतात. कधी दिवा विझतो आणि मालक पैसे देऊन जातो. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. असे का झाले? खरा दोष कनेक्टरमधील गंजलेल्या पिनेत होता. कनेक्टर काढून पुन्हा लावताना पीन थोडी घासली गेली, म्हणून काही दिवस काम चालले. सेन्सर निर्दोष होता. मालकाचे पैसे मात्र वाया गेले.

आता चांगला मेकॅनिक काय करतो, ते क्रमाने पाहा.

प्रथम तो टाकीचे झाकण उघडतो. आता आत आणि बाहेर हवेचा दाब सारखाच झाला. दाबाचा फरक शून्य झाला. त्या वेळी अनेक गाड्यांत निरोपाचा व्होल्टेज अडीचच्या आसपास असतो, तर काहींत दीडच्या आसपास. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळतो. झाकण उघडे असूनही आकडा शून्याला किंवा पाचाला चिकटून राहिला, तर परिपथात दोष आहे हे नक्की झाले.

दुसरे काम डोळ्यांचे. हा कनेक्टर बहुधा गाडीच्या खालच्या बाजूला असतो. तेथे पाणी आणि चिखल उडतो. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर टाकलेले मीठही उडते. त्यामुळे पिना गंजतात. कधी उंदीर तारा कुरतडतात. हे सारे पाहायला पैसे लागत नाहीत.

तिसरी पायरी मल्टिमीटरची. चावी बंद करून कनेक्टर सोडवायचा. मग इंजिन चालू न करता चावी फिरवायची आणि पहिली तार तपासायची. तिच्यावर सुमारे ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते नसतील, तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला वीजच मिळत नाही! पुष्कळदा हेच ५ व्होल्ट गाडीतील दुसऱ्या सेन्सरांनाही दिलेले असतात. त्यांपैकी एक शॉर्ट झाला, तर या बिचाऱ्याचीही वीज जाते.

चौथी पायरी अर्थिंगची. मल्टिमीटरचे एक टोक पहिल्या तारेला आणि दुसरे टोक अर्थिंगच्या तारेला लावायचे. येथेही सुमारे ५ व्होल्ट दिसले, तर अर्थिंग ठीक आहे. अर्थिंग तुटले असेल, तर सेन्सरचा व्होल्टेज वर चढतो आणि 'पी ०४५३' ही तक्रार येते. अशा वेळी दहा सेन्सर बदलले, तरी तीच तक्रार येत राहील.

पाचवी पायरी निरोपाच्या तारेची. समजा, तक्रार 'पी ०४५२' ची आहे. तेव्हा पुस्तिकेत तसे सांगितले असेल, तर फ्यूज लावलेल्या लहान तारेने कनेक्टरमधील ५ व्होल्टची तार आणि निरोपाची तार जोडतात. यंत्रावरचा आकडा पाचाजवळ गेला, तर तार आणि संगणक दोन्ही चांगले आहेत. आकडा हलला नाही, तर निरोप वाटेतच अडतो आहे किंवा संगणक तो वाचत नाही. तक्रार 'पी ०४५४' ची असेल, तर तारा हळूच हलवून आकडा कुठे उडी मारतो, हे पाहतात.

पिना, तारा, वीज, अर्थिंग आणि निरोप हे सारे चांगले निघाले, तरच सेन्सर दोषी ठरतो. मग तो जरूर बदलावा. शेवटी नोंद पुसून गाडी चालवून पाहावी आणि तक्रार परत येत नाही, याची खात्री करावी.

एक इशारा विसरू नका. टाकीजवळ पेट्रोलची वाफ असते. एका ठिणगीनेही ती पेट घेते. हे काम मोकळ्या हवेत, ज्योत दूर ठेवून, जाणत्या कारागिरानेच करायचे असते. तुम्ही घरी करून पाहू नका.

"गाडी तर चालते आहे, मग दिव्याकडे कशाला पाहायचे?" असे कोणी म्हणेल. पण दाबाचा निरोप पोहोचत नसेल, तर वाफेची गळती संगणकाला कळणार नाही. ती वाफ सर्वांच्या श्वासात जाईल. म्हणूनच कॅलिफोर्नियात हा दिवा लागलेला असेल, तर गाडी धुराच्या सरकारी तपासणीत नापास होते.

मित्रांनो, दिवा तक्रार करतो, फैसला करत नाही. फैसला चौकशीनंतरच करायचा असतो. आता तुम्हीच सांगा. यंत्रावर 'पी ०४५२' हा क्रमांक आहे, झाकण उघडले तरी आकडा शून्यावरच आहे आणि कनेक्टर स्वच्छ आहे. मल्टिमीटर हातात घेतल्यावर तुम्ही सर्वांत आधी कोणती तार तपासाल, आणि का?