घरकामास बाई ठेवताना

केरवारे, फरशी, भांडी आणि धुणे यांसाठी पगारी माणूस ठेवणे ही गोष्ट शहरांतून इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला करार म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. घर भाड्याने घ्यावयाचे तर मनुष्य कागद करतो; सामान हलविण्यास हमाल बोलाविला तरी आधी दर ठरवितो. पण जिच्या हाती रोज घराची किल्ली द्यावयाची, तिच्याशी होणारी बोलणी मात्र उंबरठ्यावरच, पाच मिनिटांत आटोपतात. "काम काय, बाई?" "वरकाम." "घेणार किती?" "शेजारच्या वहिनी देतात तेवढे द्या." एवढ्यावर व्यवहार पक्का होतो. पुढे वर्षभर जी कुरकुर चालते तिचे मूळ बहुधा या पाच मिनिटांतच सापडते.

'वरकाम' हा शब्दच फसवा आहे. गृहिणीच्या लेखी त्यात गॅलरी धुणे, भाजी निवडणे, जाळी-जळमटे काढणे, पाहुण्यांची जादा भांडी घासणे हे सारे येते. कामास येणाऱ्या बाईच्या लेखी केर, फरशी आणि भांडी यापलीकडे काही येत नाही. दोघींपैकी एकीचेही म्हणणे खोटे नसते. म्हणून प्रथम कामांची फोड करावी. खोल्या किती, माणसे किती, भांडी एक वेळची की दोन वेळची, फरशी रोज पुसावयाची की एक दिवसाआड, न्हाणीघर व संडास यांत धरले आहेत की नाहीत, हे स्पष्ट बोलून घ्यावे. पंखे, खिडक्यांचे गज, माळा ही कामे महिन्याची किंवा सणावाराची. त्यांचे पैसे निराळे ठरविणे हेच रास्त होय. दसऱ्या-दिवाळीची साफसफाई 'जाता जाता' करून घेण्याची रीत जुनी असली तरी न्यायाची नव्हे.

पगार ठरविताना शेजारच्या घराकडे बोट दाखविण्यापेक्षा थोडे गणित करावे. समजा, केर-फरशीस अर्धा तास आणि भांड्यांस पाऊण तास लागतो. महिन्यातून चार सुट्ट्या वजा केल्या तर २६ दिवसांचे साडेबत्तीस तास झाले. या कामाचे महिना दीड हजार रुपये ठरले असतील, तर तासाला सुमारे ४६ रुपये पडतात. एका घरातून दुसऱ्या घरी चालत जाण्याचा, जिने चढण्याचा, दार उघडण्याची वाट पाहण्याचा वेळ या हिशेबात नाहीच. हा आकडा कागदावर मांडला म्हणजे आपण देतो ते पुष्कळ की थोडे, याचा निवाडा करण्यास दुसऱ्या कोणास विचारावे लागत नाही. कर्नाटक, केरळ यांसारख्या काही राज्यांनी घरकामाचा समावेश किमान वेतनाच्या यादीत केला. तथापि जेथे दर ठरले तेथेही ते दाराआड पोहोचविणे सोपे गेले नाही, कारण घर हा काही कारखाना नव्हे आणि तेथे तपासनीस येत नाही.

सुट्टी आणि खाडा हा या व्यवहारातील सर्वांत नाजूक भाग. बाई न सांगता राहिली म्हणजे घराची घडी विस्कटते, हे खरे. पण आठवड्यास एकही सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही, गावच्या जत्रेस जाण्याची मोकळीक नाही, अशा नोकरीत मनुष्य न सांगता राहील नाही तर काय करील? १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्टीची मागणीही पुढे आली होती. त्याच चळवळीतून त्यांची शहरात संघटना उभी राहिली. महिन्यास ठराविक भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीस एका महिन्याचा पगार, हा आज अनेक घरांतून रूढ झालेला नियम मालकांच्या औदार्यातून आपोआप उगवला नाही, हे ध्यानात असावे. सुट्ट्या आधी ठरल्या असल्या म्हणजे बाई त्या सांगून घेते, आणि बदली बाईची सोयही बहुधा तीच करून देते.

बदलीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. आई तापाने पडली की अकरा-बारा वर्षांची लेक भांडी घासावयास येते, आणि 'किती गुणाची पोर' असे म्हणून घरची मंडळी तिला मोरीवर बसवितात. चौदा वर्षांखालील मुलांस घरकामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने या वयाच्या मुलांस पगारी कामावर ठेवणे सर्वत्रच मना केले. कायद्याचे राहो, त्या दिवशी मुलीची शाळा बुडते. तिला चहा द्यावा, परत पाठवावे, आणि आईचा खाडा कापू नये. खाडा कापला जाईल या भीतीनेच ती पोर आलेली असते.

महाराष्ट्रात या कामगारांसाठी २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ वर्षे वयाच्या व्यक्तीस त्याखाली नोंदणी करता येते. २०२१ साली साथीच्या निर्बंधांत राज्य सरकारने नोंदलेल्या घरकामगारांस दीड हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तेव्हा ज्यांची नोंदणीच झाली नव्हती अशा बायका त्यास मुकल्या. नोंदणीसाठी ती कोणाकडे काम करते याचा दाखला लागतो, आणि तो लिहून देताना भली सुशिक्षित घरे कचरतात. सही केली तर उद्या काही मागणी अंगावर येईल असे त्यांस वाटते. दहा वर्षे जिने घर झाडले तिला दोन ओळींचा दाखला नाकारणे यासारखी कोती वृत्ती दुसरी नाही. कामाच्या जागी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्यात राहते घरही कामाची जागा धरले आहे; तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

आता प्रत्यक्ष सफाईविषयी. केर वरून खाली काढावा, आधी कोरडे काम करावे, मग ओले, हे बाईस शिकवावे लागत नाही. शिकविण्याची गोष्ट निराळीच आहे, ती बाटल्यांची. संडास धुण्याच्या बहुतेक द्रवांत आम्ल असते. संगमरवर आणि जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. आम्ल पडले की ते खातात, त्यांवर कायमचा डाग बसतो, आणि दोष मात्र बाईच्या माथी येतो. याहून घातक प्रकार म्हणजे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करण्याचा द्रव एकत्र करणे. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि दार लावलेल्या अरुंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. 'दोन्ही टाकले म्हणजे जास्त स्वच्छ होईल' ही समजूत मालकिणीची असो वा बाईची, श्वास बाईचाच कोंडतो. बाटल्या मूळच्याच असाव्यात, सरबताच्या बाटलीत असले द्रव ओतून ठेवू नयेत, आणि हातमोजे घराने आणून द्यावेत. तसेच उंच इमारतीत खिडकीची काच बाहेरून पुसण्यासाठी बाईस सज्जावर उभे राहावयास सांगणे हा निव्वळ अविचार होय. ज्या काचेपर्यंत आपला मुलगा चढलेला चालणार नाही, ती काच मळकी राहिली तरी चालेल.

अलीकडे तासाच्या हिशेबाने माणसे पाठविणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. मोठी यंत्रे घेऊन दोघे-तिघे येतात आणि एका दिवसात घर धुऊन काढतात. सोय खरी, पण दिलेल्या रकमेतून काम करणाऱ्याच्या हाती किती पडते, आणि तो शिडीवरून पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर गुळमुळीत आले तर कंपनी बदलावी.

विश्वासाच्या बाबतीत उपाय दोन्ही बाजूंनी लागतात. नव्या माणसाची ओळख पटवावी, पोलिसांकडे नोंद करण्याची सोय आहे तिचा उपयोग करावा. यात अपमान नाही, फक्त ते पहिल्या दिवशी सांगून करावे. मात्र दागिना सापडेनासा झाला की कपाट धुंडाळण्याआधी बाईची पिशवी उघडावयाची, ही रीत सोडली पाहिजे. दागिना पुष्कळदा घरातच सापडतो. ती बाई मात्र त्या घरात पुन्हा ताठ मानेने येत नाही. चहाचा वेगळा, कानतुटका कप हाही त्याच जातीचा प्रकार. तो कशासाठी वेगळा असतो हे देणाऱ्यास ठाऊक असते आणि घेणारीसही.

काम सुटण्याची वेळ आली तर दोन्ही पक्षांनी महिन्याची पूर्वसूचना द्यावी, असे सुरुवातीसच ठरवावे. घेतलेली उचल किती फिटली, किती राहिली, हे एका लहान वहीत दर महिन्यास लिहून बाईस वाचून दाखवीत जावे. वही एक घरी आणि एक तिच्याजवळ असली तर उत्तमच. शेवटच्या दिवशी हिशेब पुरा करून, दिवाळी जवळ आली असेल तर तिच्या वाट्याचे पैसेही त्यात धरून, मग किल्ली मागून घ्यावी.