पॉलिप काढल्यानंतर : चिनी वैद्यक काय देऊ शकते?

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उगवणारे मांसल अंकुर म्हणजे पॉलिप. कोलोनोस्कोपी करतानाच तारेच्या फासाने ते काढता येतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. परंतु अंकुर खुडला तरी भूमी तीच राहते. काही वर्षांत तेथे नवे अंकुर येऊ शकतात व त्यांतील काही प्रकार पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतात. चीनमध्ये अनेक रुग्ण या टप्प्यावर पारंपरिक वैद्यकाकडे वळतात.

त्या वैद्यकाला ही व्याधी अपरिचित नाही. पॉलिपसाठी आज चिनी भाषेत रूढ असलेला 'शीरौ' हा शब्द सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेजिंग' या ग्रंथात आढळतो. पचनाची धुरा प्लीहेकडे आहे, ती दुर्बळ झाली की शरीरात ओलावा साचतो आणि रक्त साकळते, अशी त्यांची धारणा. म्हणून उपचाराचा आरंभ पचन सुधारण्यापासून होतो. सोंग राजवटीतील 'शेनलिंग बाइझू सान' या चूर्णात जिनसेंगबरोबर कमळबीज, वाल व ज्येष्ठमध आहेत. औषधापेक्षा पथ्याकडेच झुकणारा हा योग.

खरी सावधगिरी हवी ती रक्त 'वाहते' करणाऱ्या वनस्पतींबाबत. पॉलिप काढलेल्या जागेतून सुमारे दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. दांगग्वे आणि दानशेन या मुळ्या वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा प्रभाव वाढवतात. अशा काळात त्या परस्पर घेणे धोक्याचे आहे. शल्यकर्म करणाऱ्या डॉक्टरांपासून काढा लपवून ठेवण्याची सवय तर सर्वांत घातक, आणि ती केवळ चीनपुरती मर्यादित नाही.

या परंपरेतील एका द्रव्याची मात्र काटेकोर कसोटी झाली आहे. ह्वांगल्येन या अतिकडू मुळातील बर्बेरिन हे ते द्रव्य. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत अ‍ॅडिनोमा या प्रकारचे पॉलिप काढलेल्या रुग्णांपैकी काहींना ०.३ ग्रॅम बर्बेरिन दिवसातून दोनदा, तर इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. दोन वर्षांच्या काळात बर्बेरिन घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के, तर इतरांपैकी ४७ टक्के जणांमध्ये अ‍ॅडिनोमा पुन्हा आढळले. फरक लक्षणीय खराच. पण औषध घेऊनही शंभरांतील छत्तीस जणांना नवे अंकुर आले, हेही त्याच आकड्यांत आहे. ते सापडले, ते पुन्हा कोलोनोस्कोपी केल्यामुळे. पॉलिपची संख्या, आकार व प्रकार पाहून पुढील तपासणी केव्हा करायची ते डॉक्टर ठरवतात. कोणत्याही काढ्यामुळे ती टळत नाही.

आपल्या दारुहळदीतही बर्बेरिन असते. परंतु चाचणी झाली ती शुद्ध, मोजून दिलेल्या द्रव्याची. घरी उकळलेल्या मुळीत ते किती उतरते, याचे माप नसते.