बारा व्होल्टचा लोच्या

तर झालं असं, की मे महिन्यातल्या एका शनिवारी मी नागपूरहून ऊर्जानगरला आईबाबांकडे निघाले होते. जामच्या चौकात काकड्या घ्यायला डावीकडची काच अर्धी खाली केली. काकड्या घेतल्या, माझ्या दारावरचं बटण ओढलं आणि काच ढिम्म! पलीकडे वाकून डाव्या दारावरचंही बटण ओढून पाहिलं. वर यायचं नावच नाही. एसी फुल्ल आणि शेजारून ४५ अंशांची झळ, अशा थाटात वरोरा, भद्रावती करत मी चंद्रपूर गाठलं.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण सोमवारी आईला घेऊन नागपूरला परतायचं होतं. तिला दमा आहे आणि छातीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट महिनाभर आधी घेतलेली. दीडशे किलोमीटर ट्रकचा धूर आणि धूळ खात तिला नेणं शक्यच नव्हतं. म्हणून घरी जायच्या आधी एका वर्कशॉपमध्ये शिरले. तिथल्या मुलाने बटण दोनदा ओढलं, मान हलवली आणि निकाल दिला, "मोटर गेली मॅडम. असेंब्ली बदलावी लागेल. साडेसात हजार, पार्ट यायला चार दिवस."

आमचे बाबा वीज केंद्रात टेस्टिंगला आहेत. जिथे २९२० मेगावॅट क्षमतेचं केंद्र उभं आहे तिथे त्यांची नोकरी गेली, त्यामुळे मोटर 'गेली' हे वाक्य त्यांना तसंच्या तसं पचत नाही. "कशावरून गेली? त्याने मोजलं काय?" चहा बाजूला ठेवून ते गाडीशी आले.

पहिला प्रश्न, बाकीच्या तीन काचा चालतात का? चालतात. म्हणजे आमच्या गाडीत चौघींचा मिळून असलेला मुख्य फ्यूज शाबूत. मग त्यांनी आतला छतावरचा दिवा लावायला सांगितला आणि डाव्या दारावरचं बटण ओढलं. दिवा जराही मंदावला नाही. मोटरने जोर लावला असता आणि काच कुठे अडकली असती, तर दिवा क्षणभर तरी मिणमिणला असता. इथे मोटरपर्यंत करंटच पोचत नव्हता. एवढं बोलून त्यांनी तेच बटण खाली दाबलं. दिवा किंचित मंदावला आणि उरलीसुरली काच सर्रकन दारात गडप झाली.

मी किंचाळलेच. बाबा मात्र जाम खूश. "पाहिलंस नं? मोटर मेली तर खाली कशी गेली?"

त्यांचा मुद्दा बरोबर होता, पण गाडी आता सताड उघडी. ऊर्जानगर म्हणजे झाडीत वसलेली कॉलनी, शेजारी ताडोबाचं जंगल. २०२२च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला होता. इथे उघडी गाडी दिसली की लोक चोराबद्दल बोलत नाहीत. शेजारचे काका म्हणालेच, "बिबट येऊन बसला तं सकाळी कोण उठवन त्याले?" रात्री प्लॅस्टिकचा कागद आणि अर्धा रोल चिकटपट्टी लावून आम्ही झोपलो. म्हणजे बाबा झोपले.

रविवारी सकाळी डाव्या दाराचं आतलं पॅनेल निघालं. (हौशी मंडळी, पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. तो बहुधा एअरबॅगचा असतो.) मोटरचा प्लग काढून बाबांनी मीटर लावला आणि मला बटण ओढायला लावलं. मीटरवर चक्क १२ व्होल्ट!

"म्हणजे करंट येतोय! मोटरच गेली!" मी.

बाबांनी खिशातून इंडिकेटरचा जुना बल्ब काढून त्याच प्लगला जोडला. बटण ओढलं. बल्ब काळाठिक्कर. मी पुरती चक्रावले. मीटर म्हणतो वीज आहे, बल्ब म्हणतो नाही.

"नळ बंद असताना पाइपात प्रेशर दाखवतं नं? व्हॉल्व्हला सुईएवढं भोक असलं तरी दाखवेल. नळ उघड, मग कळेल." मीटरला जवळजवळ करंट लागतच नाही, म्हणून तुटत आलेल्या तारेचा एखादा धागा शिल्लक असला तरी तो १२ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. बल्बला एक-दोन अँपिअर लागतात, मोटरला त्याहून जास्त. तिथे तो धागा हात टेकतो.

पण तार तुटली कुठे? इथे मला खरी गंमत कळली. मोटरला जाणाऱ्या तारा दोनच. एकीला प्लस, दुसरीला मायनस दिलं की काच वर. अदलाबदल केली की खाली. आमच्यासारख्या साध्या वायरिंगच्या गाड्यांत डाव्या दारावरचं बटण फक्त प्लस देतं. मायनसचा परतीचा रस्ता ड्रायव्हरच्या दारावरच्या पॅनेलमधून जातो, तिथलं बटण कुणी दाबलेलं नसतानाही. काच वर नेताना परतीला एक तार, खाली नेताना दुसरी. खाली जातेय आणि वर येत नाही, म्हणजे वरच्या फेरीची परतीची तार गेलेली. दुखणं डाव्या काचेला आणि आजार उजव्या दारात!

उजवंच दार का, तर सगळ्यात जास्त उघडबंद तेच होतं. दार आणि बॉडीच्या मधे रबराची घडीघडीची नळी असते, त्यातल्या तारा दर वेळी वाकतात. मी बल्ब धरून डावीकडे बसले. बटण ओढून धरलं. बाबांनी ती नळी पिळली आणि बल्ब लुकलुकला.

वरचं प्लॅस्टिक दिसायला धडधाकट होतं. सोलल्यावर आत हिरवी पडलेली तांब्याची तार, एका केसावर तगलेली. मी टेप गुंडाळायला निघाले तर हातावर चापट बसली. सोल्डरचा जोड वाकणाऱ्या जागी केला तर तिथेच पुन्हा तुटतो. म्हणून बाबांनी नळीतून तारेचा नवा अख्खा तुकडा ओवला, जोड एका टोकाला दारात आणि दुसऱ्या टोकाला बॉडीच्या आत घेतले, वर आकसणारी स्लीव्ह चढवली. सामानाला शंभर रुपयेही लागले नाहीत. दुपार मात्र पूर्ण गेली आणि आईचं जेवण थंड झालं, त्याबद्दल आम्हा दोघांना ऐकून घ्यावं लागलं.

सोमवारी पहाटे निघालो. काचा बंद, एसी चालू, आई पुढच्या सीटवर पंप मांडीवर घेऊन. जामच्या चौकात मी गाडी कडेला घेतली. "काकड्या घेऊ," असं म्हणत तिने बटणावर बोट ठेवलं.

"आई, नको गं!"

"पाहू तं दे," म्हणाली आणि काच खाली केली.