जिताडा आणि भरतीचे गणित : कोलशेतच्या खाडीतील मासेमारी

ठाणे शहराच्या उत्तरेस, साष्टी बेटाच्या काठावर वसलेले कोलशेत ज्या पाण्याला लागून आहे, ते पाणी धड नदीचे नाही आणि धड समुद्राचेही नाही. राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली उल्हास नदी कल्याण ओलांडून ठाण्याजवळ येते आणि तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. या पट्ट्यात भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते व गोड्या पाण्यात मिसळते; अशा पाण्याला निमखारे पाणी म्हणतात. खाडीकाठच्या कोळी-आगरी वस्त्यांची मासेमारी या मिश्रणाच्या रोज बदलणाऱ्या प्रमाणावर उभी आहे, आणि तिचे मर्म समजून घ्यायचे तर जिताडा या माशाचा जीवनक्रम पाहणे सर्वांत उपयोगाचे ठरते.

खाडीतील मासेमारीचे पहिले साधन म्हणजे भरती-ओहोटीचे ज्ञान. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि म्हणूनच तिथीच्या अंकाची पाऊणपट काढली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हा कोकणपट्टीतील ठोकताळा व्यवहारात खरा ठरतो : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हे गणित खुल्या किनाऱ्याचे आहे. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते आणि तेवढा फरक त्या त्या गावाला अनुभवाने ठाऊक असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढ-उतार मंदावतो, त्या काळाला भांग म्हणतात. उधाणात प्रवाह जोरदार असल्याने बोक्षी लावली जाते. बोक्षी म्हणजे प्रवाहाकडे तोंड करून खुंटांना बांधलेले पिशवीसारखे निमुळते जाळे. त्यात कोळंबी, जवळा आणि लहान मासळी आपोआप वाहत येते. याउलट पाग हे हाताने फेकायचे गोल जाळे असून त्याच्या कडेला शिशाची वजने ओवलेली असतात. उथळ पाण्यात ते पूर्ण उलगडून पडले तरच खालची बोय ही मासळी सापडते, आणि त्यासाठी होडीत तोल सांभाळून उभे राहण्याची सवय लागते.

जिताडा मात्र बहुधा गळावर किंवा मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या, जाळ्यात मिळतो, कारण तो दबा धरून शिकार करणारा मासा आहे. भरतीबरोबर लहान मासे तिवरांच्या मुळांत आणि खाजणांत, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलपट्ट्यांत, चरायला शिरतात. ओहोटी लागली की तेच मासे ओहोळांतून बाहेर ओढले जातात आणि जिताडा त्या ओहोळांच्या तोंडाशी थांबलेला असतो. जिवंत कोळंबी किंवा बोय लावलेला गळ तेथे सोडण्यामागे हेच निरीक्षण आहे.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हौशी मासेमार ज्याच्या मागे सुट्टीचे दिवस घालवतात, तो स्ट्राइप्ड बास हा पट्टेदार मासाही अशाच जागा धरतो. फुटत्या लाटांत उभे राहून लांब गळ फेकणारे, किंवा कयाक नावाच्या, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायच्या अरुंद नावेतून जाणारे तेथील मासेमारही प्रवाह जेथे भक्ष्य एकवटतो तेच ठिकाण शोधतात. दोन माशांचा प्रवास मात्र उलट दिशांचा आहे. स्ट्राइप्ड बास समुद्रात वाढतो आणि वसंतात हडसन नदीत व चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत चढून गोड्या पाण्यात अंडी घालतो; जिताडा नद्या व खाड्यांत वाढतो आणि पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, तर त्याची पिले पुन्हा आत येऊन खाजणांचा आसरा घेतात. शिवाय बहुतेक जिताडे आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतात व मोठे झाल्यावर मादी बनतात, त्यामुळे सर्वांत मोठा मासा ही बहुधा अंडी देणारी मादी असते.

संरक्षणाचा विचार अंडी घालण्यासाठीचा हा प्रवास आणि मोठ्या माद्यांचे महत्त्व या दोन वस्तुस्थितींपासून सुरू व्हायला हवा. स्ट्राइप्ड बासची संख्या ढासळल्यावर अमेरिकेने १९८४ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० या काळात त्याची मासेमारी पूर्ण थांबवली आणि १९९५ मध्ये तो पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. जिताड्याची जात ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ओळखली जाते. तेथील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा जसा ठेवता येत नाही, तसा १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही सहसा ठेवता येत नाही, म्हणजे पिलांइतकीच मोठ्या माद्यांचीही काळजी घेतली जाते.

महाराष्ट्रात जिताड्याला मत्स्यशेतीचाही आधार आहे : पेण-अलिबागच्या खारभूमीतील तळ्यांत तो पूर्वापार वाढवला जातो, आणि चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन साध्य केल्यापासून बीजासाठी केवळ खाडीवर अवलंबून राहण्याची गरज उरलेली नाही. तळ्यातला जिताडा मात्र खाडीतल्या जिताड्याची जागा घेऊ शकत नाही, कारण कोलशेतच्या पाण्याचा प्रश्न माशाच्या पुरवठ्यापुरता नसून त्याची ये-जा करण्याची वाट खुली राहण्याचा आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीकडून येणारे कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी, रेतीचा उपसा आणि काठावरचे भराव या तिन्ही गोष्टी खाजणापासून मुखापर्यंतची साखळी तोडतात. कांदळवनांना उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांचे संरक्षण आहे, ही जमेची बाजू आहे. पण २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरलेल्या या प्रवाहावर जेट्टी व वाहतूक उभी राहत असताना बोक्षीच्या जागा, ओहोळांची तोंडे आणि माशांचे हंगाम यांची नोंद आराखड्यात असली पाहिजे. ही माहिती तिथीवरून भरतीची वेळ ठरवणाऱ्या मासेमारांजवळ आजही आहे, आणि त्यांना नियोजनात अधिकाराने सामील करून घेणे हे नुकसानभरपाईपेक्षा अधिक न्याय्य आणि खाडीच्या अधिक हिताचे आहे.