शर्ट बसत नाही, यात चूक कुणाची?

दुबईच्या मॉलमधली ट्रायल रूम. तुम्ही पांढरा फॉर्मल शर्ट घातलाय. गळा बरोबर आहे, पण पोटाशी बटणं ताणलीयत. एक साइज वर घेतली तर खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि बाही पंजावर येते. स्लिम फिट आवळतो, रेग्युलर फिटचा तंबू होतो. आणि इंटरव्ह्यू पंधरा दिवसांवर आलाय. अशा वेळी बरेच जण मनात एकच निष्कर्ष काढतात: आपलं शरीरच बेढब आहे.

तसं नाहीये. ते का नाही, हे एकदा कळलं की नीट बसणारा शर्ट मिळवणंही सोपं होतं. टेप कुठून कुठे धरायची हे ऐकून नीट कळत नाही, म्हणून हे लिहून.

लेबलवरचा आकडा नक्की कशाचा?

अमिरातीतल्या मॉलमध्ये ब्रिटिश, अमेरिकन, युरोपियन आणि भारतीय ब्रँड शेजारी शेजारी असतात, आणि प्रत्येकाची मोजायची रीत वेगळी. ब्रिटिश फॉर्मल शर्टावर 15½ किंवा 16 लिहिलेलं असतं. तो गळ्याचा घेर, इंचांत. युरोपियन शर्टावर 39 किंवा 41 असतं. तोही गळाच, पण सेंटिमीटरमध्ये (इंचांना 2.54 ने गुणा, ताळा जुळेल). भारतीय कंपन्यांच्या फॉर्मल शर्टावरचे 39, 40, 42 हे आकडेही बहुधा गळ्याचे सेंटिमीटर असतात. पण ब्लेझरवर 40 लिहिलं असेल, तर ती छाती, इंचांत. आपण मात्र 'मला 40 लागतो' असं सगळीकडे सांगत फिरतो.

अमेरिकन शर्टावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 16 आणि 34/35. दुसरा आकडा बाहीचा. ती मानेच्या मागच्या मध्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत मोजतात. आपला शिंपी बाही खांद्याच्या टोकापासून मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा आठ-नऊ इंचांनी कमी येतो. दोघंही बरोबर असतात, फक्त सुरुवात वेगळीकडून करतात.

एका मापावरून अख्खा माणूस

आता मुख्य मुद्दा. शर्टाला निदान सात-आठ मापं लागतात: गळा, खांदा, छाती, पोट, मुंढा (म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक), बाही, मनगट, लांबी. लेबलवर असतात एक किंवा दोन. बाकीची कंपनी अंदाजाने ठरवते: गळा 16 असेल तर छाती इतकी असणार, पोट इतकं असणार. हा अंदाज कुठल्यातरी ठरावीक बांध्यावरून केलेला असतो. तुमचा बांधा त्याच्याशी जुळला तर नशीब.

आपल्याकडे तो का जुळत नाही, याचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम हॉस्पिटलचे मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचा अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणून प्रसिद्ध झालं. सरासरीने पाहिलं तर तेवढ्याच बीएमआयच्या युरोपियन माणसापेक्षा भारतीयाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि ती पोटाभोवती जमते.

तो लेख मधुमेहाच्या धोक्याबद्दल होता, शर्टांबद्दल नव्हता. पण ट्रायल रूममध्ये जे होतं त्याचं उत्तर त्यात आहे. हात बारीक, खांदे अरुंद आणि पोट थोडं पुढे, असा बांधा आपल्याकडे अगदी नेहमीचा आहे. शर्ट कापणाऱ्याने गृहीत धरलेला बांधा वेगळाच असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या कपड्यांची मापंही बरीचशी ब्रिटिश-अमेरिकन तक्त्यांवरून घेतलेली. म्हणूनच वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइझ' सर्वेक्षण हाती घेतलं: मुंबईसह 6 शहरांत, 15 ते 65 वयाच्या 25,000 हून जास्त लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं. अख्ख्या देशाला आपली मापं नव्याने घ्यावीशी वाटली, मग तुम्ही एकट्याने आरशासमोर खट्टू होण्यात काय अर्थ आहे?

आधी काय बघायचं, काय सोडून द्यायचं

नियम साधा आहे: जे नंतर दुरुस्त होत नाही ते दुकानातच बरोबर असायला हवं.

पहिला खांदा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा लावायची. वेळ आणि पैसे दोन्ही जातात, आणि ते काम सगळ्यांना जमत नाही. दुसरी कॉलर. वरचं बटण लावून एक-दोन बोटं आत गेली पाहिजेत. सुती शर्टाची कॉलर पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडी आटते, हेही लक्षात ठेवा. तिसरी छाती. शर्टाचा घेर छातीपेक्षा साधारण 4 ते 6 इंच जास्त लागतो. बटणं लावून खुर्चीत बसा. बटणांपाशी फुलीसारख्या चुण्या पडल्या, तर तो शर्ट परत ठेवा.

चौथा मुंढा, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही. हात वर करा. अख्खा शर्ट पँटमधून बाहेर आला, तर मुंढा फार खोल आहे. मोठा मुंढा मोकळा वाटतो, पण बाही खाली जोडलेली असल्यामुळे हात उचलला की ती सगळा शर्ट वर ओढते. काखेच्या जवळ आलेला मुंढा उलट जास्त मोकळीक देतो.

आता जे सोडून द्यायचं ते. पोटाचा घेर जास्त आहे? दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेता येतात किंवा पाठीला डार्ट घालता येतात. बाही लांब आहे? कफ काढून कमी करता येते. लांबी जास्त आहे? कापून दुमडता येते. ही सगळी कामं सोपी आहेत. उलटं मात्र होत नाही: आखूड बाही वाढत नाही, घट्ट पोट फारसं सैल होत नाही. म्हणून शंका असेल तर मोठा घ्या आणि लहान करून घ्या.

इथे राहण्याचा फायदा

लंडन-न्यूयॉर्कमध्ये शिंप्याकडे जाणं ही चैन वाटू शकते. अमिरातीत तसं नाही. बर दुबईत मीना बाजारच्या गल्ल्यांत, सतवामध्ये, शारजात रोल्लाच्या आसपास शिलाईची दुकानं आहेत. अनेक अमिराती पुरुष आपला कंदुरा आजही मापाने शिवून घेतात, त्यामुळे अंगावर माप देणं इथे जुनाट समजलं जात नाही. बहुतेक कारागीर भारतीय, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी असतात. बोलणं हिंदी-उर्दूत होतं. मुंढ्याला तिथे 'मुड्ढा' म्हणतील, खांद्याला 'तीरा', बाहीला 'आस्तीन'. एवढे तीन शब्द पुरतात. कापणाऱ्याला 'मास्टर' म्हणा.

नवा शर्ट शिवणार असाल तर कापड घेण्याआधी मास्टरला विचारा. पन्हा किती आहे त्यावर किती मीटर लागेल ते ठरतं. बाहेर चाळीशीपार ऊन आणि आत कडक एसी, अशा ठिकाणी सुती कापड बरं. ते शिवण्याआधी भिजवून वाळवा. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला बसणारा शर्ट बरोबर न्या आणि त्यात काय खटकतं तेही सांगा. आतून थोडी माया ठेवायला सांगा. शिवणीत राखलेल्या जास्तीच्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात, आणि वजन वाढलं की तीच कामाला येते. आधी एकच शर्ट शिवा, दोनदा धुवा, मग बाकीचे टाका.

तयार झालेल्या शर्टाची आठही मापं आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी ऑनलाइन घेतानाही एस-एम-एलऐवजी इंचांचा तक्ता बघता येईल. आणि ईदच्या आधीचे आठवडे शक्यतो टाळा, तेव्हा सगळे मास्टर कंदुऱ्यांत बुडालेले असतात. इंटरव्ह्यू पंधरा दिवसांवर असेल तर आजच जा. ट्रायलनंतर काही खटकलंच, तर दुरुस्तीला चार दिवस हाताशी राहतील.