रविवारचे नाचणी पॅनकेक: आधी तवा, मग हिशोब, मग धंदा



रविवारी सकाळी घरात नाश्त्याचं काय, हा प्रश्न असतोच. मुलांना पॅनकेक हवेत, आईला मैदा नको. या दोघांच्या मध्ये एक छोटा धंदा उभा राहू शकतो. नाचणीचे पॅनकेक! पण थांबा, लगेच बॅनर छापायला जाऊ नका. आधी तव्यापाशी या.

आठ छोट्या पॅनकेकसाठी: नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, एक पिकलेलं केळं, दोन चमचे गुळाची पावडर, चिमूटभर मीठ, साधारण २०० मिली आंबट ताक. पीठ इडलीच्या पिठाइतपत दाट ठेवा आणि १५ मिनिटं झाकून ठेवा. तव्यावर घालायच्या अगदी आधी पाव चमचा खायचा सोडा घाला. मंद आच, थोडं तूप, वर झाकण.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, नाचणीत ग्लूटेन नसतं. म्हणून नुसत्या नाचणीचा पॅनकेक उलटताना तुटतो. कणीक आणि केळं त्याला धरून ठेवतात.

दोन, पीठ आधीच काळपट, त्यामुळे रंगावरून भाजलंय की नाही ते कळत नाही. वर बुडबुडे फुटले, कडा कोरड्या झाल्या, की उलटा.

तीन, सोडा ताकात पडला की लगेच फसफसतो. २० प्लेटच्या पिठात एकदम सोडा घातलात, तर शेवटच्या गिऱ्हाइकाला चपटी धिरडी मिळतील. लागेल तेवढ्याच पिठात घाला.

आता हिशोब. समजा, एका प्लेटमध्ये दोन पॅनकेक आणि सामानाचा खर्च १२ रुपये. बरेच जण इथेच थांबतात. “४० ला विकू, २८ रुपये सुटले!” सुटले का खरंच? गॅस ३ रुपये, डबा-चमचा १० रुपये, बिघडलेल्या पॅनकेकचे २ रुपये. झाले २७. आणि तुमची मेहनत? २० प्लेटला दोन तास लागले आणि तासाचे १०० रुपये धरले, तर प्लेटमागे १० रुपये. एकूण ३७. म्हणजे ४० ला विकून हातात राहिले फक्त ३ रुपये! वीसपैकी दोन प्लेट उरल्या की तेही गेले. तीच प्लेट ६० ला विकलीत तर मजुरी सुटून २३ रुपये उरतात, २० प्लेटचे ४६०. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव घालून स्वतः मांडा.

आणि बोलताना जपून. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे अभिमानाने सांगा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून लोकांना नाचणी-ज्वारीचं महत्त्व नव्याने पटवून द्यावं लागत नाही. पण ‘ग्लूटेन फ्री’ लिहू नका. यात कणीक आहे. कणीक काढलीत तरी ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथलंच पीठ असेल, तर त्यात गहू मिसळतोच. सिलिॲक असलेल्या मुलाला तेवढ्यानेही त्रास होतो. ‘शुगर फ्री’ही नाही, गूळ ही साखरच. ‘मैदा नाही, नाचणी आहे’ एवढं खरं लिहा, पुरेसं आहे. विक्री सुरू करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणीही करून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ: रविवारी घरी आठच पॅनकेक करा. काटा, घड्याळ आणि वही जवळ ठेवा. किती तुटले, किती वेळ लागला, सगळं लिहा. पुढच्या रविवारी शेजारच्या चार घरांना चव द्या आणि “कसे झालेत?” असं विचारू नका. तोंडावर सगळे छानच म्हणतात. विचारा, “पुढच्या रविवारी ६० रुपयांना किती प्लेट देऊ?”

जो आकडा मिळेल, तीच तुमची पहिली ऑर्डर. चला, तवा तापवा!